‘नाही’ म्हणायला शिका, माझ्याच लिंकवरून

जोडधंदा करायचं मी ठरवलं ते बायकोच्या हातांकडे बघून. धुणं धुऊन धुऊन वासितीच्या हातांची पार रया गेली होती. तसं आमच्याकडे कपडे धुण्याचं मशीन होतं. पण एका सकाळी माझा मामेभाऊ कितिओने दारात आला, "केरेकेरे, तवाले," म्हणाला आणि मशीन घेऊन गेला. नातेवाइकानं केरेकेरे म्हणून वस्तू मागितली की ती द्यायची, ही आमच्या फिजीतली रीत. त्यातून मामेभाऊ म्हणजे तवाले. त्याला तर आपली टिंगल करायचाही हक्क असतो. (मी मशीन त्याच्या गाडीत चढवून दिलं. वर साबणाचा पुडाही दिला.)

"नवीन मशीन मी आणतो," असं मी वासितीला छातीठोकपणे सांगून टाकलं. लेवुकाच्या बंदर कचेरीतल्या कारकुनानं अशी वाक्यं बोलू नयेत, पण बोलून गेलो खरा.

मग इंटरनेटवर मार्ग सापडला. माल दुसऱ्याचा, लिंक आपली. कुणी आपल्या लिंकवरून विकत घेतलं की कमिशन आपलं. त्यातही डिजिटल माल सर्वांत उत्तम, कारण गोदाम नको आणि सुवाहून येणाऱ्या बोटीची वाट बघायला नको. फक्त माल तेवढा नीट निवडायचा.

मी निवडायला बसलो. वासिती शेजारी कसावाचे कंद सोलत होती.

"कुत्र्याला शिस्त लावण्याचा कोर्स आहे," मी म्हणालो.

"कुणाच्या कुत्र्याला? आपल्या गावातलं एक तरी कुत्रं कुणाचं आहे का?"

"बरं, गाढ झोप लागण्याचं ॲप?"

"दुपारी जेवणानंतर गावात एक चक्कर मारून या. अख्खं गाव घोरत असतं."

"वजन उतरवण्याचा कोर्स. यावर कमिशन चांगलं आहे."

"तो माझ्या आईला पाठवा," ती सुरी थांबवून म्हणाली, "आणि मग जेवायला तिच्याकडेच जा."

तेवढ्यात मला तो दिसला. ‘ठामपणे नाही म्हणायला शिका.’ सोपे धडे, सोबत व्हिडिओ, आणि कमिशन किमतीच्या निम्मं! मी ताडकन उठलो. जिथं रोग तिथं औषध खपतं. आमच्या गावात आजवर कुणी कुणाला नाही म्हटलेलं नाही. म्हणजे अख्खं गाव गिऱ्हाईक!

"ज्यांना नाही म्हणता येत नाही, ते ‘घ्या’ म्हटलं की घेणारच," मी म्हणालो.

वासिती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे ते बघणं कौतुकाचं नव्हतं हे मला कळलं.

‘आधी माल स्वतः वापरा, मगच शिफारस करा,’ असं जाणकार सांगतात. म्हणून मी कोर्स विकत घेऊन फोनवर पहिला धडा पाहिला. पाठ ताठ, नजरेला नजर, खोल श्वास. फार पटला. दुसरा धडा उद्या बघू म्हटलं आणि चर्चच्या गायकमंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी कितिओने हजर.

"तवाले, तुझा तो कोर्स बघितला. झकास आहे!"

"घेतलास?" मी आनंदानं विचारलं.

"घ्यायला कशाला हवा? तुझ्या फोनवर आहे ना? केरेकेरे, फोन दे. दोन दिवसांत आणून देतो."

मी पाठ ताठ केली, नजरेला नजर दिली, खोल श्वास घेतला आणि फोन दिला. (चार्जरही दिला. नुसत्या फोनचं तो काय करणार?)

पुढं काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी कितिओनेच्या अंगणात यांगोनाचं, म्हणजे मुळ्यांपासून केलेल्या गुंगी आणणाऱ्या पेयाचं, पातेलं भरायचं, फोन नारळाला टेकवून ठेवायचा आणि सगळे पुरुष मांडी घालून धडे गिरवायचे. नंतर बायकांची बैठक सुरू झाली. शाळेच्या हेडमास्तरांनी उजळणी घ्यायला घेतली. विद्यार्थी गावभर आणि विक्री शून्य. एकानं घेतलेली वस्तू सगळ्यांची असते त्या गावात दुसरा नग विकायला निघालेला मी पहिलाच शहाणा असेन.

शेवटी मी कितिओनेच्या अंगणात गेलो. बैठक भरलेली होती. मी रीतीप्रमाणं खाली बसलो, करवंटीभर यांगोना प्यालो आणि म्हणालो, "तवाले, केरेकेरे. माझा फोन."

कितिओनेनं पाठ ताठ केली. माझ्या नजरेला नजर दिली. खोल श्वास घेतला.

"तवाले," तो अतिशय प्रेमानं म्हणाला, "तुझी अडचण मी समजू शकतो. पण नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! हेडमास्तर तर उठून उभे राहिले. गावच्या इतिहासातला पहिला नकार मिळवण्याचा मान माझा होता. मनातून मी फार खट्टू झालो. फोनचं एवढं नाही, पण वासितीला काय तोंड दाखवू?

सकाळी कचेरीत गुपचूप माझं खातं उघडलं आणि खुर्चीतच उडालो. एक विक्री! कुणीतरी माझ्या लिंकवरून कोर्स विकत घेतला होता! मी साहेबांना पोटदुखी सांगितली आणि घरी धावत सुटलो.

"वासिती! गिऱ्हाईक मिळालं! मशीनची सुरुवात झाली!"

वासिती टबात चादरी बुचकळत होती.

"मीच घेतला तो," ती म्हणाली. "मशीनसाठी साठवलेल्या पैशांतून."

"तू? कशासाठी? आणि साठवलेले कुठले पैसे?"

"बाजारात रोटी-पार्सल विकते ती काय हौस म्हणून? येत्या शुक्रवारच्या बोटीनं मशीन येतंय. मी सांगून ठेवलंय." तिनं हात पुसले आणि आपला फोन माझ्या हातात ठेवला. "मशीन आणायला मी आहे, सेराचे बाबा. ते घरात राहावं एवढंच तुमच्याकडून हवंय. गावात दुसरा धडा न बघितलेले तुम्ही एकटेच उरलात. बसा."

माझा ऊर भरून आला. असली बायको मिळायला नशीब लागतं. मी तिथंच पायरीवर बसलो आणि एका बैठकीत शेवटपर्यंत सगळे धडे संपवले. अंगात नुसतं बळ संचारलं.

तेवढ्यात कुंपणापाशी कितिओने उगवला.

"तवाले, नवीन मशीन येतंय म्हणे! जुनं माझ्या सासुरवाडीला गेलं रे. केरेकेरे..."

वासिती दारात येऊन उभी राहिली. मी उठलो. पाठ ताठ केली. नजरेला नजर दिली. खोल, अगदी पोटातून श्वास घेतला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ठाम आवाजात म्हणालो,

"नाही! सोमवारच्या आत तर मुळीच नाही!"