मानाप्रमाणे छातीचे फोटो

माणसाचे अंतरंग फक्त परमेश्वर जाणतो, असे कीर्तनात ऐकून आम्ही चाळीस वर्षे माना डोलावल्या. १९७४ साली या कामी त्याला मदतनीस मिळाला.

माधवनगरच्या गिरणीतला फिटर नाथाजी याने मोडीच्या सामानातून छातीचा फोटो काढणारे स्वस्त यंत्र जुळवले. वजन दीड पोते (बैलांची हरकत नव्हती). मेढ्यापलीकडच्या आमच्या गावात साळूबाईचा खोकला चार महिने हटेना, साताऱ्याच्या इस्पितळापर्यंत तिला जाववेना, म्हणून त्याने ते गाडीत घालून आणले. फिल्म सहा, आजारी एक. एवढी सुबत्ता सरकारी योजनेतही आढळत नाही.

पण गावाला रीतभात आहे. पालखीला ज्या मानाने खांदा लागतो, त्याच मानाने यंत्राला छाती लागेल, असा ठराव झाला. पहिला मान सरपंच लालासाहेबांचा. त्यांनी फेटा उतरवला नाही (फोटोत छातीच येते, हे त्यांना मान्य नव्हते). दुसरा त्यांच्या पत्नी मनुवहिनींचा, त्यांची ठुशी फार ठसठशीत आली. मग पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, आणि कीर्तनाला पुढे बसतो म्हणून पाचवा माझा. पाचही छात्या निर्दोष निघाल्या. शंभर टक्के यश.

उरली एक फिल्म. साळूबाई पुढे सरकली, तोच लालासाहेब म्हणाले, "थांब गं. आदी समद्यांचा ग्रुप फोटू. पेपरात द्यायचाय."

"आवं, हितं माझा जीव चाललाय, आन् तुमास्नी पेपर सुचतुया?"

नाथाजी अतिशय गंभीर झाला. "सरपंच, ग्रुप फोटूत म्होरं बाईमाणूस लागतंच. तुमी समदी फिल्मीच्या मागं हुबी ऱ्हावा. साळूआक्का, तुमी अल्याड, छाती टेकवून. हलायचं न्हाई रं गड्यानू!"

चोवीस मानकरी श्वास रोखून उभे राहिले. साळूबाईनेही खोकला कसाबसा गिळला.

फिल्मवर क्षयाचा डाग निघाला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तो पाहून औषध सुरू केले. आता साळूबाई कीर्तनात माझ्यापेक्षा मोठ्याने गजर करते, हे मी पांडुरंगाच्या साक्षीने सहन करतो.

फिल्म चौकटीत घालून चावडीत लावली आहे. लालासाहेब मधोमध आहेत. मी दुसऱ्या बरगडीशी, डोळे मिटलेला. इतरांच्या जागांवरून थोडे वाद आहेत, पण डागाबद्दल एकमत आहे: तो विरोधी गटाचा भाऊसो.

तुम्हीही पाहायला या. तुमच्यासारखी शिकलेली मंडळी आधी पोटभर हसतात. मग चष्मा पुसून काचेला नाक लावतात आणि हळूच विचारतात, "यात आपल्यातलं कोण आहे हो?"