हाजनी कॉफी घेतली नाही

रनीमचं लग्न अकबाला, समुद्राकाठच्या हॉटेलात करायचं, हे तिच्या आईचं, उम्म सुहैबचं, घरात सगळ्यांना पटवून झालं होतं आणि पटवता पटवता ती बाई अर्धी झाली होती. नवरा म्हणत होता, अकबा फार लांब. थोरल्या दिराला हॉटेलातलं अन्न आवडत नव्हतं. नवरी मुलीला काहीही चालत होतं, त्यामुळे तिची काडीची मदत नव्हती. तरी एकदाचं ठरलं.

आता उरली होती फक्त मागणी. त्यांच्या करक गावात सगळं ठरलेलं असलं तरी मुलाकडची वडील माणसं येऊन मुलगी रीतसर मागतात. त्यांच्यापुढे कडू कॉफीचे कप ठेवले जातात, आणि मागणी मान्य होईपर्यंत कोणी कप ओठाला लावत नाही. पाहुणा कप तसाच टाकून उठला, तर घरच्यांना गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. ठरलेल्या लग्नात मात्र हा सगळा प्रकार चटकन उरकतो. निदान उरकायला हवा.

उम्म सुहैब पहाटेपासून उभी होती. कॉफी तिनेच केली, थोरल्या मुलाच्या, सुहैबच्या हाती बैठकीत पाठवली, आणि स्वयंपाकघराचं दार किलकिलं करून कान लावला. शेजारी रनीम फोन घेऊन उभी होती.

मुलाकडून हाज झौकान, हज करून आलेले म्हातारबाबा, बोलायला उभे राहिले. आख्ख्या करकमध्ये त्यांच्या शब्दाला मान होता, आणि शब्दांना तोटा नव्हता. शेवटी त्यांनी नवऱ्या मुलासाठी, उदैसाठी, रनीमला मागितलं. मुलीकडून बोलण्याचा मान थोरल्या दिराचा, अबू मशहूरचा. तो छाती फुगवून म्हणाला, "मुलगी तुमचीच! घ्या, कॉफी घ्या."

हाजनी कॉफी घेतली नाही.

"माझी आणखी एक विनंती आहे," ते म्हणाले. "या गुडघ्यांना अकबाचा प्रवास झेपायचा नाही. लग्न इथेच, करकमध्ये करा."

कप टेबलावर तसाच होता.

"दिलं!" अबू मशहूर गरजला. "लग्न इथेच. माझ्या भावाच्या अंगणात!"

भाऊ, म्हणजे रनीमचा बाप अबू सुहैब, गालिच्याची नक्षी बघू लागला.

हाज कप उचलणार, तोच अबू मशहूरने आपला कप खाली ठेवला. एका कपाने एवढं काम होतं हे त्याला आजच उमगलं होतं. "मग माझीही विनंती. अंगणात लग्न म्हटल्यावर जेवण बाहेरचं नको. मटण-भाताचं मन्सफ आमच्या भावजयीच्याच हातचं!"

"दिलं," हाज म्हणाले. जणू मटण त्यांनाच शिजवायचं होतं.

मग उदैच्या मामाने कप ठेवला. त्याला तफीला गावचे सगळे भाऊबंद बोलवायचे होते. दिलं. मग कोपऱ्यातल्या एका माणसाने कप ठेवला. तो कुणाकडून आला होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. "एवढी माणसं म्हणजे मंडप मोठा लागणार. अंगणातलं ते लिंबाचं झाड आड येतंय."

"तोडू की! दिलं!" अबू मशहूर पुन्हा गरजला.

दाराआड रनीमने फोनवरचा मेसेज वाचला. "आई, बैठकीतून उदै विचारतोय, मी काही बोलू का?"

"आता विचारतोय होय?"

"जाऊ दे ना गं. मला कुठेही चालेल."

"तुला चालेल गं बाई. मला नाही चालत." उम्म सुहैबने अंगणाकडे बोट केलं. "दोन मुलांची लग्नं याच अंगणात झाली. एकही मी पाहिलं नाही. सुहैबच्या लग्नाच्या व्हिडिओत मी एकदाच दिसते, तीही नुसता हात, कोपरापर्यंत. हातात परात घेतलेली."

रनीमने एक कप भरून आईच्या हातात दिला.

उम्म सुहैब बैठकीत शिरली तेव्हा सगळ्या माना वळल्या. तिने कप नेऊन बरोब्बर हाजच्या कपाशेजारी ठेवला.

"माझीही एक विनंती आहे."

"अगं, काय चाललंय?" अबू सुहैब पुटपुटला.

"उम्म सुहैब, बायकांनी कप ठेवायची रीत नाही," अबू मशहूर म्हणाला.

"ठेवला की ठेवला," हाज म्हणाले. "कप काय बाईचा आणि बाप्याचा? बोल पोरी."

"लग्न अकबालाच होईल. शिजवतील हॉटेलवाले. लिंबाला कोणी हात लावायचा नाही. आणि मी लग्नात बसणार. खुर्चीवर. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि माझे गुडघे?"

"गाडीतली पुढची सीट तुमची. मध्ये लागेल तिथे थांबू."

हाजनी दाढी कुरवाळली. इतकी वर्षं कप ठेवून त्यांनी लोकांना अडवलं होतं, आज पहिल्यांदाच ते स्वतः अडकले होते. "दिलं," ते हसून म्हणाले. "सगळं दिलं. घे, कॉफी घे."

उम्म सुहैबने कपाला बोट लावलं. "गार झाली."

सगळ्यांनी आपापल्या कपाला बोट लावून पाहिलं. सगळ्यांचीच गार झाली होती.

"मग गरम करून आण ना," अबू सुहैब सवयीने म्हणाला.

उम्म सुहैब एका रिकाम्या खुर्चीवर बसली. पहाटेपासून पहिल्यांदाच. "मी आत्ता मागणी घेऊन आलेली पाहुणी आहे. मी कॉफी घेतल्याशिवाय काहीच पक्कं नाही. मुलगीसुद्धा नाही."

उदै ताडकन उठला. हाजनी त्याला हाताने बसवलं आणि दोघा भावांकडे पाहिलं. दोघे उठले आणि आत गेले. रनीम तेवढ्यात बाहेर येऊन आईच्या खुर्चीमागे उभी राहिली होती.

आत कपाटं उघडल्याचे आवाज आले. काहीतरी पडलं. मग काहीतरी मोठं पडलं. शेवटी अबू सुहैबचा केविलवाणा आवाज आला, "अगं, वेलची कुठल्या डब्यात असते?"

उम्म सुहैबने चपला काढल्या आणि पाय लांब केले.

"सांगून टाक ना पोरी," हाज हळूच म्हणाले. "मलाही तलफ आली आहे."

"शोधू द्या हाज," ती डोळे मिटत म्हणाली. "लग्नाला अजून महिना आहे."