झोप लागली काय ओ?

नरसप्पा भेटला की नमस्कार करत नसे. "झोप लागली काय ओ?" एवढंच विचारायचा. लग्नात, बाजारात, एकदा तर मयतीलाही त्यानं हेच विचारलं होतं.

मी शाळामास्तर, सोलापुरात विणकरांच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. घरोघरी माग. त्या खडखडाटात आम्ही गाढ झोपायचो आणि वीज जाऊन माग थांबले की अख्खी गल्ली दचकून उठायची. अशा ठिकाणी झोपेची चौकशी करणारा माणूस विक्षिप्तच ठरणार. नरसप्पा चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. बुधवारी मात्र इस्त्रीचा सदरा घालून टपरीवर यायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, "डोक्याच्या डॉक्टरकडं चाललोय. येडा मी हाय की. कोण येतंय सोबत?" त्या काळी लोक असल्या डॉक्टरकडे तोंड लपवून जात, आणि हा गृहस्थ वरातीला निघाल्यासारखा. सोबतीला कुणी ना कुणी असायचंच. गल्ली त्याला येडा नरसप्पा म्हणायची आणि तो त्या नावाला खुशाल ओ द्यायचा.

मुलगी झाली आणि माझ्या बायकोची, सुशीलाची, झोप उडाली. जेवेना, बोलेना, तान्ह्या पोरीला जवळ घेईना. आईनं दृष्ट काढली, अंगारे लावले. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, सून येडी असा बभ्रा झाला तर पोरीचं लग्न कसं व्हायचं? पोरगी अजून पाळण्यात होती. एरवी मी हसलो असतो, पण मी फार भ्यालो होतो.

एका मंगळवारी नरसप्पा दारात आला. सुशीलाला झोपेचं विचारलं. तिनं नुसती मान हलवली. मग तो आईकडे वळून रडवेल्या आवाजात सांगू लागला, डोकं फारच बिघडलंय, उद्या डॉक्टरकडं जायचंय, घरात सोबतीला माणूस नाही. "मावशी, मास्तरांना अन् वैनीला धाडा की. पुण्य लागंल."

आईला दया आली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः आम्हाला टांग्यात बसवलं, वर सुशीलाला बजावलं, त्याला एकट्याला सोडू नकोस.

दवाखान्यात नरसप्पानं सुशीलाला पुढं केलं आणि आपण बाहेर बाकावर बसला. बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असं होतं आणि त्या बऱ्याही होतात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ती पोटभर रडली. निघताना मी नरसप्पाच्या दुखण्याचं विचारलं. डॉक्टर हसले. त्याला त्यांनी कधी तपासलंच नव्हतं; तो नुसती माणसं आणायचा.

परतताना टांग्यात मी त्याला छेडलं.

"आमच्या मंडळीला, लक्ष्मीला बी झोप येत नव्हती," तो म्हणाला. "लोक येडी म्हणतील म्हणून मी कुटं नेलं न्हाई. गेली ती. आता लोक मला म्हणू देत की."

सुशीला हळूहळू सावरली. गोळ्या होत्या, बुधवारी डॉक्टरांशी बोलणं होतं, पोरीचं हसणं होतं. एका सकाळी नरसप्पा झोपेचं विचारायला थांबला, तर तिनंच उलट विचारलं, "आणि भावजी, तुम्हाला लागते का झोप?"

हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "लक्ष्मी गेल्यापास्नं न्हाई."

पुढच्या बुधवारी सुशीलानं टांगा बोलावला. आई पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. टपरीवर माणसं होती. टांग्यात नरसप्पा मान खाली घालून बसला होता, एरवीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. सुशीलानं पदर खोचला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टरकडं मी चाललेय. येडी मी हाय की. भावजी नुसते सोबत."