सॅन्टनचं जाळं

मुंबईच्या कॉलेजशी आधी मुलींचा आणि मग मुलांचा सामना होता. त्या सकाळी जयवंत सरांनी कॉलेजच्या खेळाच्या खोलीचं कुलूप काढलं आणि ते दारातच थबकले. गोलाच्या दोन जाळ्यांपैकी एक उंदरांनी पार कुरतडून टाकली होती. जाळी नाही तर सामना नाही, हा पंचांचा नियम. आणि प्राचार्य इनेझ मॅडमनी तर कालच बजावलं होतं, "एवढंसं कॉलेज, एकच मैदान, दोन-दोन फुटबॉल संघ कशाला? उद्या मुली जिंकल्या नाहीत, तर फक्त मुलांचा संघ ठेवू." सर मुळातच भित्रे. मॅडमच्या चपलांचा आवाज आला तरी ते गळ्यातली शिट्टी खिशात लपवत.

"सर, टेन्शन नका घेऊ," गोलकीपर बेला म्हणाली. "पप्पांचं जाळं आणते. आज रविवार, होडी जात नाही. पप्पा चर्चमध्ये मिस्साला गेलेत."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर मी फुटबॉल खेळते ते कळेल ना! त्यांना वाटतं मी टायपिंगच्या क्लासला जाते."

सरांनी शिट्टी खिशात लपवली, पण दुसरा इलाज नव्हता. अर्नाळ्याहून, बेलाच्या घरून, रिक्षातून मासे धरायचं जाळं आलं आणि बेलाच्या पाठीमागच्या खांबांना बांधलं गेलं. मुंबईच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात फाटकातून मिस्साच्या पांढऱ्या शर्टातच बेलाचा बाप, सॅन्टन, रिक्षावाल्याकडून जाळ्याचा माग काढत तणतणत आत आला. त्याला आधी आपलं जाळं दिसलं. मग जाळ्यासमोर हाफपॅन्टीत उभी असलेली आपली मुलगी दिसली.

"बेले! हाच काय तुझा टायपिंग?"

सर गुपचूप आंब्याच्या झाडाआड सरकले. तेवढ्यात समोरून सणसणीत चेंडू आला. सॅन्टनने चेंडू पाहिला, जाळं पाहिलं आणि ओरडला, "अगं अडव! जाळं फाटंल!"

बेलाने झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला. मग काय, सॅन्टन गोलामागे ठाणच मांडून बसला. "डावीकडं बघ! ती उंच पोरगी येते! धर!" बापाच्या धाकाने बेलाने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. सरांना जरा धीर आला.

तो धीर मध्यंतरापर्यंतच टिकला. बाजू बदलल्या, बेला पलीकडे गेली आणि सॅन्टनच्या जाळ्यासमोर मुंबईची गोलकीपर उभी राहिली. सॅन्टन जागचा हलला नाही.

"पोरी, पुढं हो!" तो तिला शिकवू लागला. "ती डायना आमच्या गल्लीतली हाय, उजव्या पायानं मारते. सोडू नको तिला!"

"पप्पा, ती आपली टीम आहे!" बेला पलीकडून किंचाळली.

"टीम तुझी, जाळं माझं!"

सरांनी डोळे मिटून घेतले. मैदानाच्या कडेला खुर्चीत बसलेल्या मॅडम त्यांच्याकडेच पाहत होत्या. सामना संपत आला तरी गोल नाही. शेवटी डायनाने जीव खाऊन लाथ मारली. चेंडू सुसाट गेला आणि थेट मागच्या झुडपात पडला.

"गोल!" आपल्या मुली ओरडल्या.

"खांबाच्या बाहेरून गेला!" मुंबईच्या मुली ओरडल्या.

पंच लांब होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी आंब्याच्या झाडाकडे पाहिलं. मॅडम खुर्चीतून उठल्या, तसं सरांना वाटलं, संपला आता मुलींचा संघ.

तेवढ्यात सॅन्टन पंचांच्या अंगावर धावून गेला. "बाहेरनं गेला? मंग हे भोक कोनी पाडलं? उंदरांनी? माझ्यासमोर आतनं फाडून गेला! आता हे विननार कोन? तुमी?"

पंचांनी भोकातून हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी गोलाची शिट्टी वाजवली.

मुलींनी डायनाला उचलून घेतलं. मॅडम सरांना म्हणाल्या, "राहू दे मुलींचा संघ. पालकसुद्धा किती पोटतिडकीने येतात!" सरांचं लक्ष सॅन्टनकडे होतं. बेला खाली मान घालून बापासमोर उभी होती.

"घरी चल, मंग बघतो तुला," सॅन्टन म्हणाला. त्याने जाळं सोडलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं, चार पावलं गेला आणि वळला. "पुढच्या रविवारी जुनं जाळं आन. हे नवं हाय."

तेव्हा कुठे जयवंत सरांचा जीव भांड्यात पडला. जाळं फाटकाबाहेर दिसेनासं झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मुलांचा संघ मैदानात उतरला होता, आणि मॅडम पुन्हा खुर्चीत बसत होत्या.