टर्बो थोडं तेल पितेच

भागीचं घोडं किवणानं मेलं, अशी आपल्यात एक म्हण आहे. ती ज्यांनी रचली त्यांना सुशिक्षित भागीदार लाभले नसावेत. सुशिक्षित भागीदारांच्या घोड्याकडे दुर्लक्ष होणं शक्य नाही. त्याची प्रकृती रोज पाहिली जाते, प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे पाहिली जाते, आणि तिच्यावर सविस्तर ईमेल लिहिले जातात.

या सिद्धांताचा पडताळा २०१०च्या हिवाळ्यात, कॅनडातल्या वॉटर्लू गावाबाहेर आला. घोड्याच्या जागी तिथे स्नोमोबील होती. स्नोमोबील म्हणजे बर्फावरची स्कूटर: पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा आणि वर बसलेला माणूस ओरडतो आहे. ही टर्बो होती. टर्बोत एक पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्यामुळे ती दुप्पट जोरात पळते आणि माणूसही त्याच प्रमाणात ओरडतो.

तिचे मालक तीन. शैलेंद्र नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. विलास पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. (दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार मिळतो हे कळल्यावर त्याला सुरुवातीला विश्वासच बसला नव्हता.) तिसरा जेराल्ड डाबरे, वसईचा, विमा कंपनीत. तिघंही इंजिनिअर. तिघांत घर आणि गॅरेज जेराल्डचंच, गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून, म्हणून गाडी त्याच्याकडे उभी राहायची. जेराल्डची बायको डोरोथी शेतांपलीकडच्या वाचनालयात काम करायची. ती मालक नव्हती. गाडी फक्त तिच्या गॅरेजमध्ये, तिच्या फ्रीझरला टेकून, तिचं वॉशिंग मशीन जिथे यायचं होतं त्या जागी उभी असायची.

ज्या सद्गृहस्थाकडून गाडी घेतली तो कायमचा फ्लोरिडाला निघाला होता. जाताना तो एवढंच म्हणाला, "टर्बो आहे. थोडं तेल पितेच."

हे वाक्य तिघांनी शिरोधार्य मानलं. प्रत्येकाकडे गॅरेजची किल्ली होती. ज्याचा फेरीचा दिवस असेल तो सकाळी यायचा, बॉनेट उघडायचा, तेल मोजायची डिपस्टिक पुसून आत घालायचा, बाहेर काढून उजेडात धरायचा आणि गंभीर व्हायचा. तेल खुणेच्या बरंच खाली असायचं. मग तो तेल घालायचा, गाडी काढायचा, आणि आल्यावर बाकीच्या दोघांना लिहायचा, 'तेल कमी होतं, घातलं.' दुसऱ्या दिवशी दुसरा यायचा. तेल पुन्हा खाली.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत 'थोडं' हा शब्द अपुरा वाटू लागला. गाडीमागून निळा धूर निघायचा, तोही साधा नाही. जेराल्ड शेतात फिरत असला की डोरोथीला खिडकीतून नवरा दिसत नसे, नवऱ्याचा ढग दिसे. विलासने आलेख काढला. त्या आलेखाप्रमाणे मार्चअखेर गाडीचं तेल पेट्रोलला मागे टाकणार होतं आणि पुढल्या हिवाळ्यात ती निव्वळ तेलावर चालणार होती. आलेखाला दोन रंग होते आणि तो सर्वांना पटला.

अशा वेळी शैलेंद्रचे वडील शरदचंद्र कॅनडात आले. (नागपूरची थंडी त्यांना बाधते, म्हणून ते हिवाळ्यात कॅनडाला आले होते.) ते पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. एका कालव्याच्या गळतीची चौकशी त्यांनी उभी नोकरी चालवली होती, आणि ती गळती शेवटी पूर्णपणे थांबली, कारण धरणातलं पाणी संपलं. अधिक योग्य माणूस सबंध ओंटारिओ प्रांतात सापडला नसता. त्यांच्या अध्यक्षतेखाली तैलव्यय चौकशी समिती स्थापन झाली. शरदचंद्रकाकांनी कानटोपी घातली आणि ते कामाला लागले.

समितीने कोणतीही शक्यता नजरेआड केली नाही. तेल थंडीने आकसत असावं, हे मत शैलेंद्रचं. गॅरेज एका बाजूला कलतं आहे, हे विलासचं. त्याने शाळकरी पट्टीने ते मोजून सिद्धही केलं, पण तेल कललेल्या बाजूला गेलं तरी गाडीतच राहील, असा तांत्रिक आक्षेप आला. खारी तेल पितात का, यावर एक अख्खी दुपार गेली. दरम्यान, पुरावा ताजा राहावा म्हणून समितीचा प्रत्येक सदस्य सकाळी येऊन तेल पाहत होता आणि कमी दिसल्यास घालत होता. आता काकाही घालत होते. धूर वाढला. तेव्हा काका म्हणाले की चौकशी सुरू झाल्यावर गळती वाढते, हा त्यांचा पूर्वीचाही अनुभव आहे.

इथपर्यंत सगळं खेळीमेळीचं होतं. मग एका रविवारी विलास हसत म्हणाला, "जेऱ्या, खरं सांग. बोंबील तळतोस की काय त्यात?"

जेराल्डही हसला. पण काका हसले नाहीत. सरकारी नोकरीत विनोद आणि माहिती यांत फरक करायची सवय राहत नाही. त्या आठवड्यात समितीचा अंतरिम अहवाल सर्वांना ईमेलने गेला, आणि त्यात एक वाक्य होतं: 'यंत्र ज्या आवारात उभे असते, त्या आवारातील रहिवाशांची भूमिका तपासणे इष्ट ठरेल.' काकांनी लगोलग ती तपासायचं ठरवलं. शनिवारी ते शैलेंद्रला घेऊन जेराल्डच्या स्वयंपाकघरात आले.

डोरोथीने चहा ठेवला. काकांनी शेल्फावरून नजर फिरवली.

"स्वयंपाकाला तेल कोणतं वापरता जी?"

"सनफ्लॉवर. का हो काका?"

"महिन्याला साधारण किती लागतं?"

डोरोथीने गॅस बंद केला. चहा अजून उकळला नव्हता.

"काका, बोलायचं ते सरळ बोला."

"नाही, म्हणजे आपली एक रूटीन विचारणा..."

"तीन महिने ते धूड माझ्या गॅरेजमध्ये आहे. तुम्ही सगळे येता म्हणून हा माणूस पहाटे उठून ड्राइव्हवेतला बर्फ शोव्हल करतो. तुमचे बूट मी पुसते. आणि तुमचं तेल आम्ही चोरतो?" ती शैलेंद्रकडे वळली. "तू काही बोलणार आहेस का नुसता उभा राहणार?"

शैलेंद्र नुसता उभा राहिला. जेराल्ड आणि तो वॉटर्लूत एकाच बेसमेंटमध्ये दोन वर्षं राहिले होते. शैलेंद्रची नोकरी गेली तेव्हा जेराल्डने त्याला चार महिने जेवू घातलं होतं, आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. आताही त्याने ते बोलून दाखवलं नाही. तो फक्त म्हणाला, "शैलू, किल्ल्या ठेव. विलासच्या पण आणून दे. आणि तुमची गाडी घेऊन जा."

किल्ल्या टेबलावर आल्या. गाडी मात्र गेली नाही, कारण शैलेंद्रच्या टाउनहाउसला गॅरेज नव्हतं आणि विलासच्या कॉन्डोच्या नियमावलीत स्नोमोबीलसाठी स्वतंत्र बंदी होती. शैलेंद्र आणि जेराल्डच्या घरांमधलं बोलणं थांबलं. संक्रांतीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जेराल्ड आणि शैलेंद्र तिळगुळाच्या ताटाच्या दोन बाजूंना उभे होते. गोड बोला, असं दोघांनी इतर सगळ्यांना सांगितलं. फक्त एकमेकांना सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मोठं वादळ झालं. डोरोथीची गाडी विंटर टायर्ससकट ड्राइव्हवेत रुतली. गावचा रस्ता बंद, पण वाचनालय शेतांपलीकडे समोर दिसत होतं. तिने गॅरेजमधल्या धुडाकडे पाहिलं. रागात माणूस नव्या गोष्टी लवकर शिकतो. डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर डबा घेऊन ती वाचनालयात गेली आणि संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, तरी ती स्नोमोबीलनेच गेली. जेराल्ड म्हणाला, "अगं, ते तेल..." डोरोथी म्हणाली, "या घरात तेल हा शब्द काढायचा नाही." जेराल्डने काढला नाही.

असे दोनतीन आठवडे गेले. अखेर शैलेंद्रला राहवेना. रात्री झोप नाही, ऑफिसात लक्ष नाही. बेसमेंटमधला तो डाळभात आठवे आणि घास उतरत नसे. एका शुक्रवारी कामावरून लवकर निघून, वडिलांना आणि विलासला गाडीत घालून तो जेराल्डकडे आला. दार जेराल्डने उघडलं.

"सॉरी, यार," शैलेंद्र म्हणाला. "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"हो," जेराल्ड म्हणाला. "पाहिजे होतं."

एवढ्यात शेतांतून आवाज आला. डोरोथी येत होती. स्वच्छ पांढऱ्या बर्फावरून, स्वच्छ निळ्या आकाशाखालून, आणि तिच्या मागे काही म्हणजे काही नव्हतं.

"धूर कुठंय?" विलासने विचारलं.

डोरोथीने अंगणात गाडी बंद करून हेल्मेट काढलं. "कसला धूर?"

"तेल किती घालतेस रोज?"

"तेल घालायचं असतं?" डोरोथी म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही. मी कुठे समितीत होते?"

काका पुढे झाले. त्यांनी डिपस्टिक काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल बरोबर खुणेवर होतं. त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कालव्याचं पाणी संपलं तेव्हाही नसावा. विलासने गाडी उद्या पुन्हा पाहू असं सुचवलं. तोवर जेराल्डने सगळ्यांना आत घेतलं होतं, आणि रात्री बर्फ पुन्हा सुरू झाल्यामुळे कुणालाच घरी जाता आलं नाही.

सकाळी नाश्त्याआधी सगळे गॅरेजमध्ये जमले. काकांनी डिपस्टिक काढली. तेल बरंच खाली होतं. विलासचा हात आपोआप बाटलीकडे गेला.

"हात लावायचा नाही," डोरोथी म्हणाली. "आधी सुरू करा."

गाडी सुरू झाली, तापली, बंद केली. पुन्हा डिपस्टिक काढली. तेल बरोबर खुणेवर.

डोरोथी म्हणाली, "म्हणजे गरम असताना पुरेसं असतं आणि गार झालं की कमी दिसतं. मग गार असताना बघता कशाला?"

तेव्हा शैलेंद्रला बॉनेटच्या आतल्या बाजूचं स्टिकर दिसलं. गाडी गार झाली की तेल टाकीतून खाली इंजिनात उतरून बसतं. तरी इंजिन तापवून, बंद करून, मगच तेल पाहावं, असं त्यावर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये लिहिलं होतं. (मराठीत नसल्यामुळे तो मजकूर समितीच्या कक्षेबाहेर राहिला असावा.) चौघं जण रोज गार गाडीत तेल ओतत होते. न मावणारं तेल इंजिन हवेच्या नळीतून ओकत होतं, टर्बो ते पुन्हा आत खेचत होता आणि त्याचा धूर होत होता. धूर पाहून चौघांची काळजी वाढत होती, आणि काळजीपोटी ते आणखी ओतत होते. बिचारीला तीन महिने अजीर्ण झालं होतं.

विलासने आपला आलेख फोनवर उघडला, बंद केला, आणि शोव्हल घेऊन कुणी न सांगता ड्राइव्हवे साफ करायला गेला.

काका गॅरेजमध्येच उभे होते. त्यांनी कानटोपी काढली. तिथल्या थंडीत हे धाडसच होतं.

"बेटा," ते डोरोथीला म्हणाले, "माझ्या अहवालातला तो 'रहिवासी' मी मागे घेतो. नोकरीत कधी असं केलं नाही. सवय नाही मला. पण चुकलं माझं."

डोरोथीचे डोळे भरले, पण आवाज नाही भरला. "टोपी घाला आधी, काका. आणि आत चला, पोहे गार होताहेत."

समितीचा अंतिम अहवाल त्याच दिवशी पोह्यांवर मंजूर झाला. तो एका वाक्याचा होता: 'सदर यंत्र तेल पीत नसून त्यास तेल पाजण्यात येत होते.' किल्ल्या परत देण्यात आल्या. डोरोथीला चौथी मालक करून घेण्याचा ठराव आला, पण तिने मालक होण्यास नकार दिला. मालक झालं की गाडीची काळजी घ्यावी लागते, आणि तिला गाडी चालवायची होती, असं ती म्हणाली. तिघांना हे नीटसं समजलं नाही, पण सर्वांनी अनुमोदन दिलं.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारा पोट धरून हसतो, 'तीन-तीन इंजिनिअर आणि एवढं कळू नये!' म्हणतो. मग जरा थांबून, आवाज खाली आणून विचारतो, "पण काय हो, तेल कोणत्या ग्रेडचं घालत होते? कारण माझ्या मते..."

तुमच्याही मनात वाचता वाचता एखादा उपाय येऊन गेला असेलच. संकोच करू नका. जेराल्डचं गॅरेज आपल्या माणसांना कधीही उघडं आहे, आणि गाडीच्या तेलाचं झाकण डावीकडे फिरवलं की निघतं.