अब्बासभाईंची श्रमविभागणी

अब्बासभाईंच्या हातात कांदा दिला, की ते तो माझ्यापुढे ठेवायचे. "भाव, ह्ये तुमचं खातं!"

हा दाभोळच्या खाडीकाठचा माणूस कुवेतमधल्या अहमदीत तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. एकोणीसशे साठ-बासष्टचा सुमार. वसाहतीच्या हॉलमध्ये संध्याकाळचं कॉलेज निघालं आणि पन्नाशीतले अब्बासभाई अर्थशास्त्राला बसले. सोबतीला मलाही ओढलं. झालं! तेव्हापासून आमच्या चौघांच्या क्वार्टरात सुखाने घास म्हणून गिळता येईना.

"दुसऱ्या जिलबीत पयल्या जिलबीयेवढी मजा नाय," असं सांगून ते दुसरी खायचे. मग "तिसरीचं तपासायला व्हवं," म्हणून तिसरी. बाजारात पापलेटवाल्या अरबाला त्यांनी मागणी-पुरवठा चक्क कोकणीत समजावला. तो बिचारा ऐकून ऐकून थकला आणि मासा यांच्या पिशवीत कोंबून म्हणाला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे, निघा आता.

पण खरा कहर श्रमविभागणीचा. एक काम एकानेच करायचं! पुण्याचा मी, मला कांदा. शेजारच्या खोलीतल्या सरदारजींना डाळ. केरळच्या थॉमसला भात. मासे स्वतःकडे. दुसऱ्याच्या खात्यात बोट घालायचं नाही.

एकदा थॉमस तापाने फणफणला. तांदूळ समोर, पाणी समोर, भूक पोटात. मी म्हटलं, "मी लावतो भात, त्यात काय मोठंसं!"

"खबरदार! सिद्धांत मोडंल!"

रात्री आम्ही दुकानातली खबूसची रोटी डाळीत बुडवून गिळली. माझं डोकंच फिरलं. "खड्ड्यात गेला तुमचा सिद्धांत! उद्यापासून मी माझ्या खोलीत शिजवणार." सरदारजींनीही मान डोलावली. मी स्टोव्ह उचलून निघालोसुद्धा. अब्बासभाई दारापर्यंत मागे आले. "भाव, रागाव नका. जरा दमानं घ्या ना."

आठवडाभर आम्ही आपापल्या खोलीत जेवलो. मग चाचणीचे पेपर मिळाले. प्रश्न होता, श्रमविभागणीचे फायदे कोणते? सरांनी अब्बासभाईंचं उत्तर मोठ्याने वाचलं, "एकट्या माणसाला जेवताच येत नाही. कांदा एकाकडे, भात दुसऱ्याकडे. सगळ्यांना एकत्र बसावंच लागतं." वर्ग खो खो हसला. अब्बासभाई सगळ्यांत जास्त हसले. मार्क शून्य.

परतताना मात्र त्यांचं हसू मावळलं होतं. म्हणाले, "चुकीचं काय लिवलं मी? तुमी यायच्या आदी भिंतीकं बघून जेवायचो, भाव. मासा झ्याक झाला, की जास्तच वायट वाटायचं. झ्याक झालाय म्हनून सांगायचा कोनाला?"

 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात डोकावलो. बरा झालेला थॉमस त्यांनी गाठून आणला होता, भात तयार होता. सरदारजी डाळ ढवळत होते. मासे तव्याशेजारी मसाला लावून ठेवलेले. पाटावर कांदे तसेच, अख्खे. सुरी शेजारीच होती, पण अब्बासभाईंनी तिला हात लावला नव्हता. ते दाराकडे बघत बसले होते.

मी काखेतला स्टोव्ह खाली ठेवला आणि सुरी उचलली.

"बारीक चिरा," ते म्हणाले, आणि घाईने तव्याकडे वळले.