पन्नास ग्रॅम पालेभाजी

आमचे शेजारी नाना सकपाळ पालेभाजी तोलून खातात. म्हणजे बेताने खातात असं नव्हे. खरोखर तराजूत घालून तोलतात.

पडवीच्या वाशाला पितळी पारड्यांचा तराजू टांगलेला आहे. सकाळी सात वाजता एका पारड्यात पन्नास ग्रॅमचं वजन पडतं आणि दुसऱ्यात निवडलेला माठ, मेथी नाहीतर अळू. आषाढात टाकळा. काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत नाना श्वास धरून उभे. एक पान जास्त झालं तर ते बाहेर. अर्धं जास्त झालं तर पान फाडून अर्धं बाहेर. घर महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून, त्यामुळे एखादा नवखा गाडी थांबवून विचारतो, "बाबा, भाजी कशी दिली?"

"विकाया नाय," नाना काट्यावरची नजर न काढता सांगतात. "औषध मोजतोय."

पोलादपुरात यावर पुष्कळ हसतात, आणि हसून झालं की एक वाक्य ठरलेलं असतं : "स्वतःच डॉक्टर व्हायला गेला म्हातारा, आणि नाकातून रक्ताची धार लागली." अडीच वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे आणि मान खाली घालून चहा पितो आहे. ते वाक्य खोटं आहे. खोटं का आहे, हे ज्याला पहिल्यापासून ठाऊक होतं असा एकच माणूस गावात होता, आणि तो चहा पीत होता.

नाना मूळचे कुडपणचे. तरुणपणी पठारावरून खाली उतरले आणि इथल्या भातगिरणीत मापाडी म्हणून लागले ते पस्तीस वर्षं काट्यापाशीच उभे राहिले. वरच्या गावांतले लोक भात घेऊन आले की आधी विचारायचे, "काट्यावर नाना हाय ना?" नाना जेवायला गेलेले असले तर पोत्यावर बसून वाट बघायचे. गिरणी सुटली, पण सवय सुटली नाही. कोणी काहीही ठासून सांगितलं की नाना म्हणतात, "काट्यावर ठेवा, मग बोला." पाऊस यंदा कमी आहे? काट्यावर ठेवा. अमक्याची सून गुणाची आहे? काट्यावर ठेवा. मी एकदा म्हणालो, आमच्या वेळचं शिक्षण वेगळंच होतं. नानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

गिरणीतून सुटायच्या आदल्या वर्षी मुंबईला नानांच्या हृदयात नवी झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ राहण्याची गोळी जन्माची पाठीला लागली. ही गोळी मोठी नाजूक. कमी पडली तर रक्ताची गुठळी होते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून रक्त तपासायचं, त्याचा एक आकडा येतो, तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. वजन मध्यावर ठेवण्यात हयात घालवलेल्या माणसाला देवाने नेमका हाच आजार द्यावा, याचं मला नवल वाटतं. नानांना वाटत नाही. ते म्हणतात, "दुसऱ्या कुनाला दिला असता तर तो मेला असता."

तपासणी महाडच्या एका दवाखान्यात, महिन्यातून एकदा; सोबतीला बहुधा मी. तिथल्या डॉक्टरबाई नानांच्या नातीच्या वयाच्या. हुशार आणि स्पष्ट बोलणाऱ्या. नाना त्यांना "बाय" म्हणतात आणि भांडतात.

"नाना, हिरव्या पालेभाज्या बंद करा. त्यानं गोळीचा परिणाम कमी होतो."

"किती कमी व्हतो?"

"तसं मोजून सांगता येत नाही."

"मग मोजत का नाय? रोज येवढीच खाल्ली तर रोज येवढाच कमी व्हनार. त्या हिशोबानं गोळी बसवा."

 पुढे डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, म्हणणं चूक नाहीये हो त्यांचं. पण हे मी सगळ्यांना सांगितलं तर निम्मे लोक टोपलीभर खातील आणि येऊन म्हणतील, रोज एवढीच खातो."

मग भाच्याने मुंबईहून घरी रक्त तपासायचं मशीन पाठवलं. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब, मिनिटभरात आकडा. नाना ते घेऊन थेट महाडच्या लॅबच्या खिडकीशी गेले. घरचा आकडा दोन पूर्णांक आठ, लॅबचा तीन पूर्णांक एक.

"तुमच्या मशिनीवर शिक्का कुठाय?" नानांनी विचारलं.

"कसला शिक्का?" लॅबवाले चष्मा वर करून म्हणाले.

"वजनमापवाल्यांचा. वर्साला तपासून मारतात तो."

"आजोबा, हे रक्ताचं मशीन आहे. कांद्याबटाट्याचं नाही."

"कांद्याबटाट्याला शिक्का लागतो नि मान्साच्या रक्ताला नाय?"

मागच्या रांगेतले दोघंतिघं "बरोबर आहे" म्हणाले, आणि त्या दिवशी लॅबच्या खिडकीवर प्रत्येक जण शिक्का विचारू लागला.

खरं भांडण पेटलं ते नानांच्या वहीवरून; तीत रोजच्या पानावर भाजी, गोळी आणि मोजलेला आकडा लिहिलेला असायचा. सिस्टरनी वही चाळली, तर नानांनी मधल्या एका आठवड्यात आपणहून पाव गोळी कमी केलेली.

"कोणाला विचारून कमी केलीत?"

"वहीला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "नाना, गोळी मी ठरवणार."

"बाय, तुमी मला म्हैन्यातनं एकदा बघता, पाच मिन्टं. मी मला रोज बघतो."

"तुम्ही स्वतःला आरशात बघता. मी रक्तात बघते."

नानांनी वही मिटून पिशवीत घातली. ते खूश झाले. बाहेर येऊन म्हणाले, "बाय हुशार हाय." शेवटी तह झाला : तीन महिने घरीच मोजायचं, दर मंगळवारी फोनवर आकडा कळवायचा, आणि बाईंनी हो म्हटल्याशिवाय गोळी हलवायची नाही. वही बरोबर राहिली तर पुढे महाडची फेरी तीन महिन्यांतून एकदा. नानांना तेवढंच हवं होतं. येण्याजाण्यात दिवस मोडतो हे होतंच, पण आपल्याला आपलं मोजता येतं हे एकदा बाईंनी मान्य करावं, ही खरी हौस.

तिसऱ्या महिन्यात नानांचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या डोळ्याने त्यांना आधीच जेमतेम दिसायचं. म्हणजे महिनाभर काटा दिसणार नाही. घरी ते एकटेच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एका सकाळी त्यांनी मला पडवीत बोलावून पन्नासचं वजन माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, आता तुमी काटा." पस्तीस वर्षांत त्यांनी गिरणीच्या मालकालाही काट्याला हात लावू दिला नव्हता.

मी तोलायचं, माझ्या बायकोने, शालूने, शिजवायचं आणि डबा नानांकडे पोचवायचा, असं ठरलं.

आता माझं पाप. मी डॉक्टरबाईंच्या बाजूचा होतो. शिकलेला माणूस शिकलेल्या माणसाचं ऐकतो. मला वाटलं, या हट्टी म्हाताऱ्याच्या पोटात पाला कमी गेला तर त्याचं भलंच होईल. भाजी अगदी बंद नको, नानांना कळेल. मी पन्नासच्या जागी वीसचं वजन ठेवू लागलो. हिरवा चष्मा लावलेले नाना शेजारी उभे राहून विचारायचे, "बरोबर?"

"पन्नास," मी म्हणायचो आणि वहीतही तेच लिहायचो.

सोळा दिवस मी हे केलं. शालूलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी आकडा आला तीन पूर्णांक नऊ. आकडा मी खराच वाचून दाखवला. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता. नाना गोंधळले. "भाजी तीच, गोळी तीच, मग आकडा का हलला?" त्यांनी डोळ्यांच्या थेंबांवर संशय घेतला, पट्ट्यांच्या डबीवर घेतला, हवेवर घेतला. माझ्यावर घेतला नाही. म्हणाले, "एका मापावर इस्वास नको. आणखी दोन दिसांनी परत मोजू, मग बायला फोन करू."

पाला कमी म्हणजे गोळीचा जोर जास्त, एवढं साधं गणित माझ्या डोक्यात तेव्हाही आलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या नाकातून रक्त सुरू झालं आणि थांबेना. दोन पंचे भिजले. मी त्यांना वही-मशीनसकट जीपमध्ये घालून महाडला नेलं. तिथे आकडा सहाच्या वर निघाला.

"नाना, मी सांगत नव्हते?" डॉक्टरबाईंचा चेहरा रागाने आणि काळजीने लाल झाला होता. "आता हे मशीन माझ्याकडे राहील. दर आठवड्याला इथं यायचं. घरचं तपासणं बंद."

नाकात बोळे घातलेले नाना पडून होते. भांडले नाहीत. मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर, तराजूत खोट आली असंल."

घरी आल्यावर त्यांनी तो तराजू काढून महाडला तपासायला पाठवला. तो बरोबर निघाला. तराजू परत टांगताना नाना म्हणाले, "काटा बरोबर हाय. म्हंजे मीच कुठंतरी चुकलो."

आणि मी म्हणालो, "वय झालं, नाना."

हे मी म्हणालो. वीसचं वजन ठेवल्याबद्दल मी स्वतःला कदाचित माफ करीन. या तीन शब्दांबद्दल नाही.

त्यानंतर मी प्रायश्चित्त म्हणून दर मंगळवारी नानांबरोबर महाडला जाऊ लागलो. आठची एसटी. आम्हा दोघांनाही वयामुळे पैसे पडत नाहीत, तरी शून्य रुपयांचं तिकीट हातात आल्याशिवाय नाना कंडक्टरला पुढे जाऊ देत नाहीत. लॅबच्या खिडकीशी त्यांचा आवाज पुन्हा चढू लागला; तो मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकायचो. तपासणीनंतर मासळीबाजारात चक्कर. तिथल्या बाया त्यांना लांबूनच ओळखतात. "आलं गो म्हातारं, पारडी पुसा!" नाना घेत काहीच नाहीत, दुसऱ्यांची वजनं बघतात. मग दोन कप चहा, आणि साडेबाराच्या गाडीने परत.

त्या वर्षीच्या होळीनंतर शालू गेली. चार दिवसांचा ताप, बस. पुढच्या मंगळवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी नाना साडेसातला दारात उभे. "मास्तर, चला. मला येकट्याला गाडीत चढवत नाय." मी गेलो. तेव्हापासून एकही मंगळवार चुकला नाही.

गेल्या महिन्यात नाना लॅबच्या खिडकीशी अडकलेले पाहून मी डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरलो आणि सगळं सांगून टाकलं. वीसचं वजन, सोळा दिवस, "वय झालं".

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाल्या, "मास्तर, हे तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं. माणूस गेला असता."

"हो."

"माझंही चुकलं. भाजी कमी पडली का, हे मी एकदाही विचारलं नाही. हट्टी पेशंट म्हटल्यावर कारण आयतंच मिळालं होतं."

"बाई, आता तरी त्यांचं मशीन त्यांना परत द्या."

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. "मशीन? मशीन मी केव्हाच दिलं, दीड वर्षं होऊन गेलं. घरचे आकडे उत्तम आहेत. मी त्यांना तीन महिन्यांतून एकदा यायला सांगितलंय."

"मग दर मंगळवारी...?"

"लॅबवाल्यांशी भांडून जातात. रक्त देत नाहीत काही." मग त्या नानांच्याच सुरात म्हणाल्या, "'बाय, तुमी परवानगी दिली त्ये मास्तरास्नी बोलू नका. बायको गेल्यापासनं मास्तर चहाच्या टपरीपल्याड जात नाय. मला पोचवायचं म्हनून मंगळवारची तेवढी दाढी करतात.'"

परतीच्या गाडीत मी नानांना सोळा दिवसांचं सांगितलं. मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही. नाना गाडी वळणावर कलंडेल इतक्या जोरात माझ्याकडे वळले.

"सोळा दिस? म्हंजे माझ्या वहीची सोळा पानं खोटी?"

"हो, नाना."

"रक्ताचं जाऊ द्या हो, त्ये परत भरतं. वही?" पुढच्या दोन बाकांवरचे लोक मागे वळून पाहू लागले. "मी अडीच वर्सं माझी चूक हुडकतोय. डोकं फुटायची येळ आली!"

मग ते खिडकीबाहेर बघत बसले.  उतरल्यावर मला पडवीत बसवलं, वही पुढे टाकली आणि सोळाच्या सोळा पानांवर पन्नास खोडून वीस लिहायला लावलं. प्रत्येक पानावर खाली सही. मी शेवटची सही केल्यावर त्यांनी ती वही डोळ्यांजवळ धरून पुन्हा पहिल्यापासून वाचली. आकडा का हलला ते त्यांना एकेका पानावर दिसत गेलं, तसा त्यांचा चेहरा निवळत गेला.

"बरोबर मोजलं व्हतं मी," ते म्हणाले.

"बरोबर होतं, नाना."

"मंगळवारी आठची गाडी. येळेवर या."

ही गोष्ट मी आमच्या दोघांत ठेवू शकलो असतो. पण मग चहाच्या टपरीवर ते वाक्य तसंच चालू राहील. म्हणून लिहून देतो : नाना सकपाळ यांच्या नाकातून रक्त आलं ते त्यांच्या डॉक्टरकीमुळे नव्हे, माझ्यामुळे. अडचण एकच आहे. हे छापून आलं की मला मशीनचंही कळलंय, हे त्यांना कळणार. मग दर मंगळवारी महाडला जायला आम्हा दोघांकडे काहीच कारण उरणार नाही. काय होईल ते सांगता येत नाही. मी मात्र दाढी करून स्टँडवर उभा असेन.